हॅना पुढे कुठे गेली

ताई, शनिवारी तुझी डोना आली होती.

तू बोलावलं होतंस तिला, आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तू गेल्यापासून तुझा फोन किचनच्या काउंटरवर चार्जरला तसाच लावलेला होता. तो बंद कोणी करायचा, यावर तुझी दोन्ही पोरं, नेहा आणि रोहन, नुसती एकमेकांकडे बघत होती. दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वाजला. मी उचलला. पलीकडे एक म्हातारी अमेरिकन बाई, आवाज खणखणीत. "सुनंदा, डोना बोलतेय. शनिवारी येतेय मी. ॲपल पाय आणू की चेरी पाय?"

मी म्हटलं, मी सुनंदाची धाकटी बहीण, जर्सी सिटीहून आलेय. सुनंदा गेली. हार्ट. घरातच. मग ती म्हणाली, "मग तर यायलाच हवं."

आपली मराठी मंडळातली माणसं डबे ठेवून "काही लागलं तर कळवा हं" म्हणत दारातूनच परत जात होती. ही बाई तुला एकदाही भेटलेली नव्हती आणि तीन तास गाडी चालवून यायला निघाली होती. कोण तुम्ही, असं विचारल्यावर म्हणाली, मी हॅना वेबच्या नातीची नात. मी खुर्ची ओढून खाली बसले. कारण गेल्या थँक्सगिव्हिंगला तू मला त्या हॅनाबद्दल ठणकावून सांगितलं होतंस, की ती बाई माझ्यासाठी मेली, आता तिचं नावही काढायचं नाही.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी मी सांगणार. क्रमाने सांगितल्याशिवाय मला रडायला येत नाही, आणि तुझ्या घरात मला अजून नीट रडताच आलेलं नाही. पाहुण्यांच्या चहाचं मी बघते, ड्रायरमध्ये राहिलेल्या तुझ्या कपड्यांच्या घड्या मी करते. त्या ड्रायरसमोरच तू पडलेली नेहाला सापडलीस. फोन उचलत नाहीस म्हणून ती ॲन आर्बरहून गाडी काढून आली, तोवर तू थंड झाली होतीस. हे मी लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

तर हॅना. रिटायर झाल्यावर तू चालायला जायला लागलीस, आणि मिशिगनमधल्या तुमच्या या नोव्हाय गावात चालायला जायचं म्हणजे जायचं कुठे. घरं संपली की मोठा रस्ता, आणि त्याच्या कडेला गॅस स्टेशन आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये अडकलेली ती जुनी दफनभूमी. तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा एक वाकलेला दगड तुला दिसला. वर सायलस वेब. खाली अल्मायरा, सायलस आणि हॅना यांची मुलगी. बापलेक एकाच हिवाळ्यात गेलेले, लेक वर्षाचीही नव्हती. आईचं नाव तेवढंच, मुलीच्या नावाला टेकू दिल्यासारखं. तिचा स्वतःचा दगड तिथे कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. म्हणालीस, "ह्या लोकांचं बरं आहे गं. दगड तरी राहतो. आपल्या माणसाचं काही म्हणजे काही उरत नाही." भाऊजींच्या अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, त्यांची गाडी बर्फावरून घसरली तो रस्ता पुढे रुंद केला, तिथे आता मोठं दुकान आहे. तू कधी असं बोलायची नाहीस, म्हणून मी गप्प ऐकलं. मग तू म्हणालीस, "नवरा गेला, पोर गेली, भोवती सगळं जंगल. ही बाई पुढे गेली कुठे?"

बस. त्या दिवसापासून तू तिच्या मागेच लागलीस. लायब्ररी, चर्चच्या जुन्या नोंदी, कोर्टाचे कागद. दर रविवारी मला हॅनाचा रिपोर्ट. ती न्यूयॉर्ककडून बोटीने डेट्रॉइटला आली, तिथून बैलगाडीने चिखल तुडवत इथे. मोठी दोन मुलं होती, ती वाचली. सायलस बहुतेक हिवतापाने गेला. "बहुतेक" तू म्हणायचीस, पण बाकी सगळं अगदी डोळ्यांनी बघितल्यासारखं. हॅनाने एकटीने लाकडं फोडली, एकटीने मका पेरला, मुलांना दारू पिणाऱ्या शेजाऱ्यांपासून लांब ठेवलं. मी म्हणायचे, "तुला कोणी सांगितलं? तिचा फोन आला होता का?" तू म्हणायचीस, "सांगायला कशाला लागतं. मी काढलंय ना सगळं."

त्यात सगळं आलं. तू काढलं होतंस. भाऊजी गेले तेव्हा तुझ्याकडे नोकरी नव्हती, धड ड्रायव्हिंग नव्हतं, आणि पोरं पहिली-तिसरीत. आईबाबा म्हणाले, परत ये. तू नाही आलीस. लॅब टेक्निशियनचं शिकलीस, रक्ताच्या नळ्यांमध्ये आयुष्य घातलंस, दोघांना कॉलेजात पाठवलंस. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका तुला प्रेमाने सांगायच्या, "सुनंदाताई, तुम्ही आत जरा वाढायचं बघता का?" म्हणजे बाहेर सवाष्णींच्या ओळीत तू नको. तू हसून आत जायचीस. मला संताप यायचा. तू म्हणायचीस, जाऊ दे गं, आत गरम असतं.

तुझ्यासारखी अजून एक कोणीतरी तुला हवी होती. इतक्या वर्षांत तुला इथे ती मिळाली नाही, म्हणून तू तिला जमिनीखालून उकरून काढत होतीस. मला तेव्हा हे कळत होतं, म्हणून मीही शोधायला लागले. जर्सी सिटीत माझ्या एकोणिसाव्या मजल्यावर बसून मी ओहायोपासून आयोवापर्यंत हॅना वेब नावाच्या विधवा शोधत होते. एक सापडली ती ऐंशी वर्षांची निघाली, एक तर लहान मुलगी होती. आपली हॅना मिळेना. शेवटी तूच ठरवलंस, की ती थंडीत कुठेतरी वाटेवर गेली असणार, बिनदगडाची. त्या सर्वपित्रीला तू भाऊजींच्या पानाशेजारी तिचंही पान वाढलंस. खीर, वडे, सगळं. मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "अगं ती डुक्कर खाणारी बाई, तुझ्या वड्यांना काय तोंड लावणार." तू मला फटकारलंस. "ज्याचं कोणी नाही त्याला घास काढावा. आईने शिकवलं नाही का तुला?"

मग थँक्सगिव्हिंग आलं. मी तुझ्याकडे होते, बाहेर आधीच बर्फ, तू चहा टाकलेला. नेहा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तू तिला हॅनाची गोष्ट सांगत होतीस, शंभराव्यांदा. तिने मान वर न करता विचारलं, "पण आई, शी मस्ट हॅव रीमॅरीड, ना? मॅरेजेस चेक केलेस?"

लग्नांच्या नोंदी आपण दोघींनी उघडूनही बघितल्या नव्हत्या.

"एव्हरीबडी डिड," नेहा म्हणाली. "दोन लहान मुलं, फार्म, विंटर. शी वुड बी क्रेझी नॉट टु." आणि चहाला उकळी फुटायच्या आत तिने शोधून काढलं. हॅना वेबचं लग्न. नवरा गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. बायको वारलेला शेजारी, त्याची तीन मुलं. पुढे सगळे मिळून पश्चिमेला गेले, नवं आडनाव घेऊन. ती हरवली नव्हती, थंडीत मेलीही नव्हती.

मी हसले. मला खरंच आनंद झाला. तू लॅपटॉप बंद केलास आणि चहा गाळायला गेलीस, आणि गाळताना म्हणालीस, "वर्षसुद्धा नाही थांबली."

"बरं केलं तिने," मी म्हटलं.

"पोरीची माती ओली होती गं."

"म्हणून काय पोरांना उपाशी ठेवायचं?"

"मी ठेवलं?" तू वळलीस. आपण चिडलो की आपलं नागपूर बाहेर येतं. "काय बोलून राहिली तू? मी ठेवलं उपाशी? मी निभावलं नाही? मग मी इतकी वर्षं काय केलं, मूर्खपणा?"

नेहा फोन घेऊन वर निघून गेली. मी म्हटलं, मी तुझ्याबद्दल बोलतच नाहीये. तू म्हणालीस, तू नेहमी माझ्याबद्दलच बोलतेस. आणि मग ते, ती बाई माझ्यासाठी मेली. पुढे आपण टर्कीऐवजी केलेल्या पनीरबद्दल बोललो, आणि नंतरचे चार-पाच महिने सगळ्याबद्दल बोललो, हॅना सोडून. मी आजही म्हणते, बरं केलं तिने. तुझ्या फोटोसमोर बसूनही म्हणते.

पण मला खुपतंय ते वेगळंच. अरविंद काका आठवतात ना? म्हणजे मुलं त्यांना काका म्हणायची. सांगलीचे, घटस्फोट झालेले, भाऊजींच्याच कंपनीतले. बर्फ पडलं की तुझा ड्राइव्हवे साफ करून जायचे, बेल न वाजवता. त्यांनी मंडळातल्या एका काकूंकडून तुझ्याकडे शब्द टाकला होता. तू शब्दही परत पाठवलास आणि त्यांचं येणंही बंद केलंस. तेव्हा मी किती भांडले तुझ्याशी, महागड्या फोनवर, लग्न कर, लग्न कर म्हणून. तू एकच म्हणायचीस, "मला मुलं आहेत. त्यांना दुसरा माणूस घरात चालायचा नाही." पुढे ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला गेले, तिथे त्यांनी संसार थाटला, विषय संपला.

आणि एवढं भांडलेली मी, तीसुद्धा हॅनाला विधवांमध्येच शोधत होते. मलाही सुचलं नाही. दोघी शिकलेल्या, दोघींनी आयुष्य या देशात काढलेलं, आणि आपल्या डोक्यात विधवा म्हणजे मरेपर्यंत विधवा. मग ती मिशिगनच्या जंगलात बैल हाकणारी गोरी बाई का असेना. इथे जन्मलेल्या पोरीला ते चहा उकळेपर्यंत सुचलं. तेव्हापासून मी विचार करतेय, की तू अरविंदला नाही म्हणालीस, की हो म्हणता येतं हेच तुझ्या मनात कधी आलं नाही. या दोन्हीत फार फरक आहे गं.

शनिवारी डोना आली. पिकअप ट्रक, पांढरी वेणी, हातात चेरीचा पाय. रोहन परत गेला होता, म्हणून नेहा आणि मी तिला त्या दफनभूमीत घेऊन गेलो. गवत ओलं होतं, सगळीकडे हंसांची घाण, आम्ही तिघी बघून पाय टाकत होतो. मी विचारलं, सुनंदाने तुम्हाला शोधलं कधी? म्हणाली, "फेब्रुवारीत. शी फाउंड मी. दर बुधवारी फोन करायची." दर बुधवारी. आणि रविवारी माझ्याशी पनीर.

"काय बोलायची?"

"तिचा एकच प्रश्न होता," डोना म्हणाली. "हॅना पुढे सुखी होती का."

मी विचारलं, होती का? तिने खांदे उडवले. "आय डोन्ट नो, हनी. माझी आजी सांगायची की ती पाइप ओढायची आणि तिच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती. अजून पाच मुलं झाली, त्यातली दोन गेली. दुसरा नवरा कामाचा होता, बोलायचा कमी. सुखी होती की नाही, ते कोणी लक्षात ठेवलं नाही." तिने मग एक सांगितलं जे मला वाटलं नव्हतं. त्यांच्या घरात सायलसचं नाव कोणाला माहीतच नव्हतं. तिच्या आधीच्या नवऱ्याबद्दल, या दगडाबद्दल, हॅना कधी कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. तू फोन केलास तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझ्या मनात आलं, बरं झालं ताई नाही. ऐकून म्हणाली असती, बघ, विसरली.

मग डोना दगडापाशी वाकली. चष्मा काढून पुसला, परत घातला. सायलसच्या खालचं नाव तिने बोटाने चाचपलं आणि मोठ्याने वाचलं. तू तिला बापाचं नाव सांगितलं होतंस, बाळाचं नाव सांगायचं राहिलं होतं. डोना अल्मायरा, हे तिचं पूर्ण नाव. तिच्या आजीच्या आईचं नाव अल्मायरा, म्हणजे हॅनाला दुसऱ्या घरी झालेली पहिली मुलगी. पुढे प्रत्येक पिढीत एकीला ते नाव चिकटवत आलेले, आणि का, ते कोणालाच माहीत नाही. डोना म्हणाली, लहानपणी मला हे नाव अजिबात आवडायचं नाही, म्हातारीचं वाटायचं. मग ती ओल्या गवतात बसली आणि बराच वेळ उठली नाही. आपल्याकडे गेलेल्या पोराचं नाव दुसऱ्याला ठेवत नाहीत, जीवच होत नाही. हॅनाने ठेवलं, आणि आयुष्यभर दिवसातून शंभरदा हाक मारली. वर्षसुद्धा थांबली नाही, हे खरं. विसरली, हे खोटं. हे तुला भांडताना तोंडावर फेकायला मला किती आवडलं असतं, आणि तू किती वेळ गप्प बसली असतीस, ते मला इथे बसून दिसतंय.

डोना गेली. परत येताना नेहा गाडी चालवत होती. सिग्नलला थांबली तेव्हा समोर बघत म्हणाली, "मावशी, कॅन आय टेल यू समथिंग? रोहनने अरविंद काकांना विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"की तुम्ही आमच्याकडेच का नाही राहत. मी पण होते. काका गराजमध्ये माझी सायकल फिक्स करत होते. ते म्हणाले, मला आवडेल, पण तुमच्या आईला विचारा. वी वर सो हॅपी. कोण विचारणार, कसं विचारणार, आम्ही प्रॅक्टिस करायचो. अँड देन आई क्लोजेटमध्ये होती, बाबांच्या कोटात तोंड घालून. तिला कळलं नाही आम्ही बघितलं ते. सो वी थॉट, आपण विचारलं तर तिला वाटेल, आपण बाबांना विसरलो. मग काका यायचेच बंद झाले. वी थॉट, त्यांना आम्ही नको होतो."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न मारला. मी तिला म्हटलं, गाडी बाजूला घे.

भारतीय किराणाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये आम्ही बसलो, समोर लोक तांदळाची पोती गाडीत टाकत होते. मला जे रडू तुझ्या दहाव्याला आलं नाही ते तिथे आलं. आपल्याकडे म्हणतात, मुलांच्या तोंडाकडे बघून दिवस काढले. तू काढलेस, माझ्याहून जास्त कोणाला माहीत आहे. आणि ती दोन चिमुरडी तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसली. एका घरात, एका टेबलावर, वरणभात खात, तुम्ही तिघं एकमेकांना सांभाळत होतात, आणि एक भला माणूस निघून गेला. यात चूक कोणाची म्हणू? कोणावर चिडू, ते तरी सांग. चिडायला मला तूच लागतेस.

नेहाने नाक पुसलं आणि विचारलं, "आम्ही विचारायला हवं होतं का? वुड शी हॅव सेड येस?"

मी हो म्हटलं असतं, तर तिला ते जन्मभर पुरलं असतं गं. म्हणून मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "नाही, बाळा. तुम्ही विचारलं असतंत तरी ती नाहीच म्हणाली असती. आईला तो माणूस कधी आवडलाच नव्हता." तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली आणि गाडी सुरू केली.

तुझ्या नावाने हे सांगून टाकलं, ताई, आणि खरं की खोटं ते मला माहीत नाही. लग्न कर म्हणून मी तुझ्याशी इतकं भांडले, तू इतकं नको म्हणालीस, पण त्या सगळ्या वर्षांत आपल्या दोघींच्या बोलण्यात एवढं एकच आलं नाही. तुला तो आवडत होता का गं?